अजिंठ्याचे मेजर गिल

हसनाबाद, राजूर, भोकरदन ह्या बाजूस राहणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांनी अजिंठ्याचे नाव लहानपणापासून ऐकिले असेल. हसनाबादेहून भोकरदन व सिल्लोड ह्या वाटेने उत्तरेकडे निघाले म्हणजे पठार संपता संपता अजिंठा गाव लागते, आणि तेथून घाट उतरून गेले म्हणजे वाघूर नदीच्या खोऱ्यात ती जगप्रसिद्ध लेणी दिसतात. आज तेथे देशोदेशींचे लोक येतात. परंतु दोनशे वर्षांपूर्वी तेथे वटवाघळे व मधमाश्या ह्यांची वस्ती होती, आणि वाघाच्या भयाने एकटादुकटा मनुष्य त्या खोऱ्यात पाऊल टाकण्यास धजत नसे. त्या उजाड जागी ज्या गृहस्थाने आपल्या आयुष्याची सुमारे ३५ वर्षे घालविली, आणि लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूत मोल आहे हे जगास दाखविले, त्या मेजर रॉबर्ट गिल ह्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांच्या हातचे बहुतेक काम त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. तरी ते व्यर्थ गेले नाही. असे का म्हणावयाचे, ते पुढे सांगतो.

प्रथम त्या लेण्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती सर्व एका काळची नाहीत. सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या व पहिल्या शतकांत, सातवाहन राजांच्या काळी कोरली गेली. बाकीची बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक घराण्यातील हरिषेण राजाच्या अमदानीत झाली. नदीच्या वळणावर घोड्याच्या नालाच्या आकाराचा एक उभा कडा आहे. त्या एकाच कड्यात सुमारे ३० लेणी आहेत. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात तेथे राहत असत. खडक कोरून झाला म्हणजे भिंतीस माती, शेण, भाताचा कोंडा व गवताचे तंतू ह्यांचा गिलावा देत. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवीत. आणि मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना अशा साध्या द्रव्यांनी चित्रे रंगवीत. निळा रंग तेवढा दूरदेशाहून आणलेल्या मौल्यवान दगडाचा असे. आमच्या माताभगिनी ज्या माती-शेणाने घरे सारवितात, त्याच माती-शेणावर ही चित्रे उभी आहेत. म्हणून ती जितकी सुंदर, तितकीच नाजूक आहेत.

ह्या चित्रांत गौतम बुद्धाच्या चरित्रातील व त्याच्या पूर्वजन्मांविषयीच्या जातककथांतील प्रसंग आहेत. १७ व्या लेण्यात भिक्षापात्र हाती घेतलेली बुद्धाची भव्य आकृती आहे, आणि तिच्यासमोर एक आई आपल्या लहान मुलास पुढे करून उभी आहे. १ ल्या लेण्यात कमळ हाती धरून, डोळे खाली वळवून उभा असलेला पद्मपाणी आहे. हा आमच्या धर्माचा विषय नव्हे हे खरे. परंतु आईच्या मुखावरील माया व दुःखिताविषयीची कणव ओळखण्यास मनुष्याचे हृदय पुरे होते.

पुढे लेण्यांतील वस्ती मोडली आणि जंगलाने त्यांस वेढिले. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संग ह्या चिनी प्रवाशाच्या वृत्तांतात अशा एका डोंगरातील विहाराचे वर्णन आहे. त्यानंतर शतकानुशतके त्यांचे नाव मोठ्या लोकांच्या तोंडी राहिले नाही. आसपासचे भिल्ल व गुराखी ह्यांस ती जागा ठाऊक होतीच. म्हणून अमुक साहेबाने ती शोधून काढिली असे जे म्हणतात, ते गरिबाच्या ज्ञानास हिशेबात न धरता म्हटलेले असते. ता. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतील काही इंग्रज अंमलदार शिकारीच्या निमित्ताने तेथे आले. त्यांतील जॉन स्मिथ नावाच्या अंमलदाराने १० व्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेविली, ती आजही तेथे आहे. त्यानंतर पाहुणे येऊ लागले. कोणी चित्रे पाहून थक्क झाले, तर कोणी आठवण म्हणून रंगविलेल्या गिलाव्याचे तुकडे काढून नेले. त्यांत पावसाचे पाणी खडकातून झिरपे, वटवाघळांची घाण भिंतीस लागे, आणि आसऱ्यास येणाऱ्या बैराग्यांच्या धुनीचा व चुलीचा धूर चित्रांवर बसे. हजार-दीड हजार वर्षे टिकलेली वस्तू आता झपाट्याने नाश पावू लागली.

जेम्स फर्ग्युसन हे मूळचे नीळीचे व्यापारी. परंतु हिंदुस्थानातील जुन्या इमारती हिंडून पाहण्याचा त्यांस नाद होता. त्यांनी १८३९ मध्ये अजिंठा पाहिले. पुढे १८४३ मध्ये लंडन येथील रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध वाचला. ही चित्रे फार दिवस राहणार नाहीत, तरी ती आहेत तोवर त्यांच्या नकला करून ठेवाव्या, असा त्यांचा आग्रह होता. सोसायटीने ही गोष्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या कानी घातली. कंपनीने मान्यता दिली, आणि ह्या कामासाठी योग्य मनुष्याचा शोध सुरू झाला. तो मनुष्य मद्रास फौजेत सापडला.

रॉबर्ट गिल ह्यांचा जन्म १८०४ मध्ये झाला. विशीच्या सुमारास ते हिंदुस्थानात येऊन मद्रास फौजेत दाखल झाले. शिपाईगिरी हा त्यांचा व्यवसाय, शिकार हा त्यांचा शोक. परंतु हाती चित्रकलाही होती. १८४४ मध्ये कंपनीने अजिंठ्याच्या नकलांचे काम त्यांजवर सोपविले, तेव्हा त्यांचे वय ४० वर्षांचे होते. ह्या वयात पुष्कळ अंमलदार बढतीची व मायदेशी परतण्याची वाट पाहत असतात. गिलसाहेबांनी मात्र फौजेची रोजची वाट सोडून एका निर्जन खोऱ्याची वाट धरली, आणि पुढे ती कायमची त्यांची झाली. फौजेतून ते मेजर म्हणून निवृत्त झाले. तरी लोकांनी त्यांस ओळखिले ते अजिंठ्याचे गिलसाहेब म्हणूनच.

त्यांचे बिऱ्हाड अजिंठा गावातील बारादरीत होते. हा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. आमच्या जालना जिल्ह्यातील असई येथे ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज व मराठे ह्यांची मोठी लढाई झाली, हे वाचकांस ठाऊक आहे. त्या लढाईत जखमी झालेल्या इंग्रज फौजेतील लोकांसाठी ह्याच अजिंठा गावी इस्पितळ केले होते. ज्या गावी एका पिढीने तलवारीच्या जखमा बांधिल्या, त्याच गावी पुढच्या पिढीतील हा शिपाई काळाच्या जखमा पाहावयास येऊन राहिला.

ते काम कसे होते ह्याचा विचार करावा. पुष्कळ लेण्यांच्या आतील भागात सूर्याचा प्रकाश नीट पोहोचत नाही. चित्रे भिंतीच्या खालपासून वरपर्यंत आणि छतावरही आहेत. ती एकमेकांत अशी गुंतली आहेत की एक कथा कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते हे प्रथम कळत नाही. त्यावर काजळीचा थर, मध्येच गिलावा गळून पडलेली पांढरी भगदाडे, आणि पावसाळ्यात ओल. गिलसाहेब लहान कागदावर खर्डे काढून थांबले नाहीत. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांनी, मूळ चित्र जेवढे तेवढीच नकल, असा त्यांचा प्रघात होता. म्हणजे प्रत्येक आकृतीपाशी दिवसच्या दिवस उभे राहणे आले. ही रेघ बोटाची की फुलाच्या देठाची, हा डाग रंगाचा की धुराचा, हे पुन्हा पुन्हा पाहून ठरविणे आले. अशा कामास पाणी वाहणारे, शिड्या धरणारे, वाट दाखविणारे, ओझी नेणारे हात लागतातच. त्यांची नावे कोणत्याही कागदावर राहिली नाहीत. आम्ही त्यांचे स्मरण येथे मुद्दाम करितो. कारण मोठ्या कामाच्या पायथ्याशी नेहमी असे बिननावाचे हात असतात, आणि आमच्या गावांतील लोकांचे हात बहुधा तेच असतात.

खोऱ्यात हिवतापाचे दिवस येत, पटकीची साथ येई, रानात वाघ असत. तरी वर्षांमागून वर्षे काम चालले. १८४४ पासून १८६३ पर्यंत, म्हणजे सुमारे १९ वर्षांत, त्यांनी पंचविसांहून अधिक मोठ्या नकला पुऱ्या केल्या. तयार झालेले कॅनव्हास लंडनला रवाना होत. पुढे ते त्या शहराजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस नावाच्या प्रचंड काचेच्या महालात लोकांस पाहण्यासाठी मांडिले गेले. ज्यांनी हिंदुस्थानाचे नाव केवळ व्यापाराच्या व लढायांच्या बातम्यांत ऐकिले होते, अशा लोकांनी त्या महालात प्रथमच पाहिले की ह्या देशातील कारागिरांनी दीड हजार वर्षांपूर्वी मनुष्याचे मुख किती कोमलपणे रंगविले होते.

येथे त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण आमच्या प्रांतात गिलसाहेबांचे नाव निघाले की पारोचे नाव निघतेच. पारो ही ह्याच भागातील स्त्री. ती साहेबांच्या सहवासात होती. १८५६ च्या मे महिन्यात ती पटकीने वारली. अजिंठा गावात तिची कबर आहे, आणि साहेबांनी तिच्यावर बसविलेल्या शिळेवर तिचे नाव, मरणाचा दिवस व आपले तिच्यावरील प्रेम ही इंग्रजीत कोरलेली आहेत. ह्याहून अधिक जे लोक सांगतात त्यांत कथेचा भाग पुष्कळ आहे. कवी ना. धों. महानोर ह्यांनी ह्याच विषयावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले, आणि २०१२ मध्ये त्याच नावाचा मराठी बोलपटही निघाला. साहेबांचा विवाह पूर्वीच झालेला होता. तेव्हा त्यांच्या संसाराचा कित्ता आमच्या वाचकांनी गिरवावा असे आम्ही म्हणत नाही. चरित्र सांगणाऱ्याने मनुष्य जसा होता तसा सांगावा, देवदूत करून सांगू नये. परंतु एवढे खरे की ज्या काळी साहेबलोकांच्या घरी राहिलेल्या हिंदी स्त्रिया बहुधा नावावाचून मरत व विसरल्या जात, त्या काळी पारोचे नाव दगडावर राहिले.

पारोच्या मरणानंतरही साहेब अजिंठ्यासच राहिले. ह्या सुमारास त्यांनी छायाचित्रणाची नवी विद्या हाती घेतली. त्या काळचे छायाचित्रण आजच्यासारखे सोपे नव्हते. काचेच्या तावदानास औषधी द्रवाचा लेप द्यावयाचा, तो ओला आहे तोच चित्र घ्यावयाचे, आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन ते धुवावयाचे. उन्हाळ्याच्या दिवसांत लेप क्षणात वाळे व सर्व श्रम फुकट जात. साहेब हे सर्व सामान घेऊन अजिंठा, वेरूळ, लोणार अशा ठिकाणी हिंडले. १८६४ मध्ये त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके फर्ग्युसनसाहेबांच्या वर्णनासह लंडनमध्ये छापली गेली. त्यांतील एकात ७४ व दुसऱ्यात १०० चित्रे होती. ह्या लेण्यांच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्यांची गणना होते.

आता त्या दुःखाच्या दिवसाकडे येतो. ता. ३० डिसेंबर १८६६ रोजी क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि महालाचा उत्तरेकडील मोठा भाग जळून गेला. त्याच भागात गिलसाहेबांच्या नकला टांगिल्या होत्या. दुसरीकडे ठेविलेली चार-पाच चित्रे मात्र वाचली. बाकी सर्वांची राख झाली. अजिंठ्याच्या अंधारात ज्यांवर एका मनुष्याने आपले वय, आपली दृष्टी व आपली प्रकृती खर्चिली होती, ती चित्रे काही तासांत नाहीशी झाली. बातमी अजिंठ्यास पोहोचली तेव्हा साहेब ६२ वर्षांचे होते. ज्या शेतकऱ्याचे खळ्यावर आलेले पीक जळाले असेल, त्यासच त्या दिवसाची कल्पना करिता येईल.

आमच्या वाचकांस ह्या ठिकाणी यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ३६ वा अध्याय आठवेल. यिर्मयाच्या तोंडून ऐकून बारूखाने जो ग्रंथपट लिहिला, तो यहोयाकीम राजाने चाकूने कापून, थंडीच्या दिवसांत पुढे ठेविलेल्या शेगडीत पान पान करून जाळिला. त्या वेळी यिर्मयाने काय केले? त्याने बारूखाच्या हाती दुसरा पट दिला, पहिल्यातील सर्व वचने पुन्हा लिहविली, आणि त्यांत आणखी भर घातली. गिलसाहेब संदेष्टे नव्हते, आणि त्यांचे काम देववचनाचे नव्हते. परंतु जळालेल्या कामापुढे मनुष्याने कसे उभे राहावे ह्याचा धडा दोन्हीकडे एकच आहे.

साहेबांनी अजिंठा सोडिले नाही. म्हातारपण आले होते, तरी त्यांनी पुन्हा रंग व कुंचला हाती घेऊन नकलांस आरंभ केला. पहिल्यासारखे काम पुरे करण्याइतके आयुष्य आपल्या हाती उरलेले नाही, हे त्यांस कळत नसेल असे नाही. तरी जेवढे होईल तेवढे करावे, अशा वृत्तीने ते शेवटपर्यंत तेथेच राहिले. १८७९ च्या एप्रिल महिन्यात भुसावळ येथे त्यांचा अंत झाला, आणि तेथील गोऱ्या लोकांच्या स्मशानभूमीत त्यांस मूठमाती मिळाली. ज्या चित्रांसाठी ते जगले, त्या चित्रांपासून थोड्याच कोसांवर त्यांची कबर आहे. आगीतून वाचलेल्या नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेविल्या आहेत.

कोणी म्हणेल की हे चरित्र पराजयाचे आहे. आम्हांस तसे वाटत नाही. कारण गिलसाहेबांच्या कामाचा हिशेब त्यांच्याबरोबर मिटला नाही. ते हयात असतानाच, १८७२ मध्ये, मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या हिंदी विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास आले. त्या विद्यार्थ्यांतच पुढे नावारूपास आलेले पेस्तनजी बमनजी होते. हे काम १८८५ पर्यंत चालले. नवल असे की त्याच वर्षी लंडनला ह्या नकलांपैकीही बऱ्याच आगीत सापडल्या. तरी उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्ससाहेबांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. मग १९०९ ते १९११ ह्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर बंगालचे तरुण चित्रकार नंदलाल बोस व असितकुमार हालदार, आणि हैदराबादेचे सय्यद अहमद हे होते. नंदलाल बोस ह्यांनी पुढे हिंदी चित्रकलेस जे नवे वळण लाविले, त्यात अजिंठ्याच्या भिंतीपाशी घालविलेल्या त्या दिवसांचा मोठा वाटा आहे. सय्यद अहमद तर पुढे लेण्यांचे रक्षक म्हणून अजिंठ्यासच राहिले. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुराणवस्तूंचे खाते काढिले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी ह्यांनी लेण्यांची डागडुजी करविली आणि १९३० ते १९५५ ह्या काळात चार भागांत त्यांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. १९८३ मध्ये जगाच्या वारसास्थळांच्या यादीत अजिंठ्याचे नाव आले. इंग्रज, पारशी, बंगाली, मुसलमान, इतक्या निरनिराळ्या लोकांनी एकामागून एक त्या भिंतीपाशी येऊन काम केले. एकाच्या हातातील दिवा विझला, तरी त्याच्या उजेडात वाट पाहून ठेविलेले दुसरे लोक निघाले होते.

ह्या इतिहासात एक सावधगिरीचीही गोष्ट आहे, ती लपविणे बरे नव्हे. जे लोक चित्रे वाचविण्यास आले, त्यांच्याच हातून चित्रांस काही इजा झाली. नकला करिताना आकृती स्पष्ट दिसाव्या म्हणून भिंतींवर व्हार्निशचे हात दिले गेले. १९२० ते १९२२ ह्या काळात निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन कुशल कारागीर आणविले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीस पुन्हा पक्का बसविला आणि त्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली. परंतु वर दिलेला लाखेचा लेप काळाने पिवळा व काळसर पडला, आणि खालचे रंग झाकोळले. अलीकडे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी हे जुने थर हलक्या हाताने काढावयास घेतले, तेव्हा ज्या ठिकाणी केवळ काळोख दिसत होता तेथे मुखे व वस्त्रे पुन्हा उजेडात आली. ह्यावरून असे शिकावे की जुन्या वस्तूस हात लावणाऱ्याजवळ प्रेमाबरोबर धीर व ज्ञानही पाहिजे. घाईने चकचकीत करणे आणि सांभाळणे ह्यांत फार अंतर आहे. आपण आज जे करू, ते उद्याच्या मनुष्यास उलटविता यावे, इतके तरी भान ठेवावे.

मग गिलसाहेबांनी नेमके काय केले? त्यांनी लेणी कोरिली नाहीत, चित्रे रंगविली नाहीत, आणि नव्याने काही निर्माण केल्याचा डौलही मिरविला नाही. जे इतरांनी पाहून सोडून दिले, ते त्यांनी बसून पाहिले, एवढेच. परंतु असे पाहणे ही लहान गोष्ट नाही. जॉन स्मिथने भिंत पाहिली आणि तीवर आपले नाव कोरिले. कित्येकांनी पाहिली आणि तुकडे खिशात घातले. गिलसाहेबांनी पाहिली आणि तिची सेवा पत्करली. टाकलेल्या वस्तूपाशी हे तीनही प्रकारचे लोक येतात. आपण त्यांपैकी कोण, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

अजिंठ्यास जाणे सर्वांस घडत नाही. परंतु सांभाळण्यासारख्या जुन्या वस्तू प्रत्येक गावात आहेत. आमच्या भोकरदन तालुक्यातच अन्वा येथे जुने कोरीव मंदिर आहे. त्याच्या खांबांवर कोळशाने अगर खिळ्याने नाव लिहिणाऱ्या मुलास दटावणे हेही एक काम आहे. आपल्या मंडळ्यांकडे वळले तर काय दिसते? बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या वह्या पेटीत वाळवीच्या तोंडी पडलेल्या असतात. आपल्या आजापणजांची नावे सरकारी कागदाबाहेर बहुधा त्यांतच आढळतात. जुन्या कबरींवर बाभळी वाढलेल्या असतात आणि शिळांवरील अक्षरे मातीने भरलेली असतात. कोठे मंदिराची कौले सरकून भिंतीत पाणी मुरते, कोठे एके काळी सर्व वस्तीस पाणी देणारी विहीर गाळाने भरली आहे. वही हलक्या हाताने झटकून, तिची स्वच्छ नकल करून ठेवावी. कबरीवरील माती ओल्या फडक्याने पुसावी. लोखंडी ब्रशाने खरडू नये. कौले पावसाळ्यापूर्वी नीट बसवावी. ह्या कामास पैसा थोडा लागतो, माणूस मात्र लागतो. जो हे करील त्यास असे आढळून येईल की पुसता पुसता एखादे नाव, एखादी नक्षी, एखादी तारीख उजळून येते, आणि आपण ज्या मुळांवर उभे आहो त्यांची ओळख पटते.

आमच्या उपदेशक बंधूंस मात्र आम्हांस आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी एका गावी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे घालविली असतील. लहान शाळा चालविली, मुलांस अक्षरे शिकविली, भांडणारी घरे एकत्र आणिली. आणि मग एखाद्या दुष्काळात लोक ऊसतोडीस अगर शहराकडे गेले, शाळा बंद पडली, मंडळी पांगली. रात्री अंथरुणावर पडल्यावर असे वाटत असेल की आपली सारी चित्रे जळून गेली. अशा वेळी गिलसाहेबांस ६२ व्या वर्षी आलेली ती बातमी आठवा. त्यांच्या नकला जळाल्या; परंतु त्यांनी जगास जे पाहावयास लाविले, ते जळाले नाही. तुम्ही ज्या मुलास वाचावयास शिकविले, तो ऊसाच्या फडातही आपल्या धाकट्या भावास अक्षरे दाखवीत असेल. कोणत्या नकलेतून कोणता नंदलाल जागा होईल हे काम करणाऱ्यास कळत नाही, आणि कळावे असेही नाही. त्याने सकाळी उठून पुन्हा भिंतीपाशी जावे, दिवा धरावा, आणि जेथवर दिसते तेथवर रेघ ओढावी.